कळशीवरची बोटं

वालूर, ता. सेलू
११ ऑगस्ट २०२५

चि. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. तुझी मामी होती तोवर फोन तीच घ्यायची आणि मी बाजूला बसून ऐकायचो. आता घंटी वाजली की मी "हं, बरं हाय" एवढंच म्हणतो, आणि थोड्या वेळानं समोरचा माणूस ठेवून देतो. माझं मधलं बोट अर्धं असल्यामुळे अक्षर वाकडं येतं, तेवढं समजून घे.

एक विचारायचं होतं. तू हैदराबादला तांब्यावर काम करतेस असं तुझी आई सांगत होती. डोळ्याला न दिसणारा पातळ थर तांब्यावर बसवायचा, म्हणजे ते खराब होत नाही, असं काहीतरी. मी अठ्ठावीस वर्षं सबस्टेशनला ऑपरेटर होतो. तिथे तांब्याच्या पट्ट्या असायच्या. जोडावर हिरवं चढलं की आम्ही पॉलिश पेपरनं घासायचो आणि ग्रीस लावायचो. त्यापलीकडे मला काही माहीत नाही.

घरात तांब्याचं एक भांडं आहे. नऊ महिने झाले, घासलेलं नाही. पावसाळा लागल्यापासून ते भराभर काळवंडायला लागलं आहे. आज जसं आहे तसंच ते राहावं, यापुढे काळं पडू नये, असं काही करता येतं का? ग्रीस लावलं तर चालेल का?

घाई नाही. अभ्यास मोडून लिहू नकोस.

तुझा,
कल्याणमामा

ता. क. शक्य तर याच आठवड्यात कळव.


हैदराबाद
१९ ऑगस्ट २०२५

ती. कल्याणमामांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वसतिगृहाच्या टेबलावर तीन दिवस पडून होतं. कुणाला हातानं लिहिलेलं पत्र येतं, यावर इथे कुणाचा विश्वासच बसेना. मीही हातानंच लिहिते आहे. कागद प्रयोगवहीचा आहे, मागे आकडे दिसले तर घाबरू नका.

तुम्ही विचारलंत तेच माझं काम. आम्ही वापरतो त्या रेणूंच्या एका टोकाला गंधक असतो आणि मागे मेणासारखी लांब शेपटी. गंधक तांब्याला जाऊन चिकटतो आणि शेपट्या वर उभ्या राहतात, एकीला एक खेटून, दाट पेरलेल्या ज्वारीसारख्या. मग हवेला आणि पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही. थराची उंची म्हणजे फक्त एक रेणू. केसाच्या जाडीचे चाळीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग. वास मात्र सडलेल्या कांद्याचा. खोलीतली मैत्रीण मला आधी आंघोळीला पाठवते आणि मगच बोलते.

ग्रीस अजिबात नको. भांडं आधी चिंच-मीठ लावून लख्ख घासा, धुवा, कोरडं करा. आमचा थर स्वच्छ तांब्यावरच नीट बसतो. वर काळपटपणा राहिला की रेणूंची रांग मोडते, मध्ये भोकं राहतात आणि भोकातून पाणी शिरतं. माझ्या प्रयोगातल्या तांब्याच्या पट्ट्यांचं तेच चाललंय. वीसपैकी अकरा पट्ट्यांवर महिन्याच्या आत डाग आले. सर रोज विचारतात, आणि मी रोज "उद्या सांगते" म्हणते. डिसेंबरात प्रबंध द्यायचा आहे.

भांडं कुठलं? मामींच्या देवघरातलं असेल तर दिवाळीत मीच घासून देते. पण मला त्यांच्यासारखं घासता येत नाही. मी तुमच्याकडे शाळेला होते तेव्हा त्यांनी एकदा मला तांब्या घासायला बसवलं होतं. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू भांडं घासायलीस का त्याची समजूत काढायलीस?"

तुम्ही जेवता ना नीट? राजेश्वरदादाकडे परभणीला जायचं काय ठरलं?

तुमची,
त्रिवेणी


वालूर
३० ऑगस्ट २०२५

चि. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद.

घासता येणार नाही. घासायचं असतं तर तुला विचारलंच नसतं.

मी मागच्या वेळी नीट सांगितलं नव्हतं. भांडं म्हणजे तुझ्या मामीची कळशी. दर सोमवारी ती चिंचेनं आणि राखेनं कळशी घासायची, भरायची आणि महादेवाला पाणी घालायला न्यायची. लग्न होऊन आली तेव्हापासून एक सोमवार चुकला नाही. राजेश्वरच्या वेळी सातवा महिना होता तेव्हाही नेत होती. गेली तो सोमवारच होता. सकाळी कळशी घासली, आणि मग ती पडली. तुला हे सगळं माहीत आहे.

कळशी तिवईवर होती तशीच राहिली. संक्रांतीच्या सुमारास मी देवघर झाडत होतो. उजेड बाजूनं येत होता. कळशीच्या पोटावर मला बोटं दिसली. चार बोटं आणि तळव्याची कड. तांबं लाल होतं आणि बोटं तपकिरी. तुला हे समजेल. आम्हांला साहेब सांगायचे, घासलेल्या पट्टीला उघड्या हातानं धरू नका, घामातलं मीठ तांब्याला खातं. तिनं घासून झाल्यावर ओल्या हातानं धरली असेल. मधलं बोट नीट टेकलेलं नाही, आखूड उमटलं आहे. बाकी अगदी स्पष्ट.

आता अडचण अशी की बोटं पुसट होत नाहीत, पण बाजूचं तांबंच त्यांच्या रंगाला यायला लागलं आहे. जूनमध्ये दारातून दिसायची. आता बॅटरी तिरपी धरावी लागते. अजून एक पावसाळी महिना गेला की सगळं सारखंच होईल.

मागच्या आठवड्यात तुझी आई गीता चार दिवस राहायला आली होती. तुला तिनं सांगितलं असेल. मी अंगणात होतो. आत आलो तर हिच्या हातात चिंचेचा गोळा आणि कळशी उचलायला निघालेली. "दादा, वैनी असती तर असं काळं राहू दिलं असतं का? शेजारीपाजारी काय म्हणतील?" मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर ओरडलो नव्हतो. "हात लावू नको," असं म्हणालो आणि तिचा हात कळशीवरून ओढून बाजूला केला. ती दुपारच्या गाडीनं सेलूला गेली. जाताना म्हणाली, "भांड्यासाठी बहिणीला हाकलतोस का रे?" मी कारण सांगितलं नाही.

तिथीनं ८ नोव्हेंबरला वर्षाचं पुण्यस्मरण आहे. माणसं येतील. बाया येतील, आणि त्यांना सगळी तांब्या-पितळेची भांडी घासलेली हवी असतील. त्याआधी हे झालं पाहिजे.

न घासता काही करता येत असेल तर सांग.

कल्याणमामा


हैदराबाद
७ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

आईनं "तुझा मामा बिघडलाय" एवढंच सांगितलं होतं. कारण आता कळलं. मी तिला काही बोललेले नाही.

तुमचं पत्र मी सरांना दाखवलं नाही, पण प्रश्न विचारला. माझे गंधकवाले रेणू इथे उपयोगाचे नाहीत. दुसरं एक द्रव्य आहे, बेंझोट्रायझोल. संग्रहालयातली माणसं जुन्या नाण्यांना, मूर्तींना तेच वापरतात. मळलेल्या तांब्यालाही ते धरतं, घासावं लागत नाही. तांब्याशी जोडलं जाऊन वर एक पातळ पापुद्रा तयार करतं. गेलेला रंग परत येत नाही, पण पुढचं काळवंडणं पुष्कळ मंदावतं. रंग जरासा गडद होऊ शकतो. तेवढा धोका आहे.

सेलूचे किशनराव माल घ्यायला इथे येतात, त्यांच्या हाती बाटली देते आहे. स्पिरिटमध्ये विरघळवून तयार केलं आहे. रबरी हातमोजे घाला, उघड्यावर काम करा, जवळ काडी ओढू नका. तुम्हांला हे सांगायला नको, पण लिहिणं भाग आहे.

आधी कळशीला लावू नका. तुमच्याकडे अर्थिंगची जुनी पट्टी असेल, तिचे तुकडे करा. एक तसाच ठेवा. एकाला स्वच्छ घासून लावा. एकावर ओल्या हाताचा ठसा घ्या, तो उमटू द्या, मग त्याला लावा. तिन्ही तुकडे न्हाणीत टांगा आणि बघत राहा.

आणि मामा, ही गोष्ट लक्षात ठेवा. हे द्रव्य पोटात जायला नको. एकदा लावलं की त्या कळशीत पिण्याचं पाणी भरायचं नाही. महादेवालाही त्यातून पाणी घालायचं नाही, कारण तेच पाणी लोक तीर्थ म्हणून घेतात. कळशी मग नुसती बघायची वस्तू होईल. मामींना ते चाललं असतं का, मला माहीत नाही. तुम्हीच ठरवा.

कळशीचा फोटो पाठवा. बाजूनं उजेड धरून.

त्रिवेणी


वालूर
२४ सप्टेंबर २०२५

चि. त्रिवेणीस,
आशीर्वाद.

बाटली पोचली. किशनरावानं विचारलं, "कल्याणराव, औषध हाय का दारू?" मी म्हणालो, भांड्याचं औषध. आता बाजारात ते पसरलं असेल.

पट्टीचे तीन तुकडे केले. कानशीनं कडा मोडल्या, भोकं पाडली, नंबर ठोकले. तिसऱ्यावर घासून झाल्या झाल्या माझा उजवा हात दाबला. न्हाणीत तारेला टांगले आहेत. सकाळ-संध्याकाळ बघतो आणि वहीत लिहून ठेवतो. सबस्टेशनला दर तासाला मीटर लिहायचो, तशी सवय आहे. खरं सांगायचं तर मधूनही उठून बघतो. बसवत नाही. जेवताना ताट ठेवून दोनदा उठलो.

नऊ दिवसांनी तिसऱ्यावर डाग वर आले. काल त्याला तुझं द्रव्य लावलं. आज पहिला तुकडा खालच्या कडेला काळा पडला आहे, दुसरा लाल आहे, तिसऱ्यावर बोटं आहेत तशीच आहेत. म्हणजे चालतं.

यंदा पाऊस थांबायलाच तयार नाही. दुधना नदीचं पाणी रानात शिरलं. भिंतींना ओल आली आहे. कळशी मी पांढऱ्या कापडात गुंडाळून मीठ भरायच्या बरणीवर ठेवली होती. मग लक्षात आलं की मिठाजवळ ठेवणं म्हणजे वेडेपणा. परत तिवईवर ठेवली. असं दिवसभर चालू आहे.

पाणी घालायचं म्हणशील तर मामी गेल्यापासून त्या कळशीनं कुणी पाणी घातलेलं नाही. मी गेलो नाही. म्हणून ती बघायची वस्तू झाली तरी माझी हरकत नाही.

दत्तराव आपल्या शेजारचे, त्यांच्या सुनेनं फोटो काढून तुला पाठवला आहे. मिळाला की कळव. मी पुढच्या आठवड्यात लावणार आहे.

कल्याणमामा


हैदराबाद
१ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

फोटो मिळाला. स्पष्ट आहे.

मामा, अजून लावू नका. मला एक शंका आहे, ती इथे विचारून घेते. दिवाळीत मी येणारच आहे, तेव्हा दोघं मिळून बघू. पाऊस आता कमी होईल, महिनाभरात फार फरक पडणार नाही.

फोटोवरून एकदम सगळं सांगता येत नाही, म्हणून थांबा म्हणते. दुसरं कारण नाही.

इथे माझ्या आणखी दोन पट्ट्या गेल्या.

त्रिवेणी


वालूर
१२ ऑक्टोबर २०२५

चि. त्रिवेणी,

ठसा माझा आहे.

तू थांब म्हणालीस, पण मी थांबलो नव्हतो. शुक्रवारी बाटली, हातमोजे, कापूस सगळं मांडलं. रंग किती गडद होतो ते आधी बघावं म्हणून तिसऱ्या नंबरची पट्टी आणून कळशीच्या पोटाला टेकवून धरली. दोन्ही ठसे एकाखाली एक आले. खालचा माझा, वरचा तोच. मधलं बोट दोन्हीकडे अर्धं. तळव्याच्या कडेला तिरपी रेघ, ती माझ्या हाताची जळलेली रेघ. सबस्टेशनला भडका झाला तेव्हाची.

नऊ महिने रोज बघत होतो. मधलं बोट टेकलेलं नाही असं तुला लिहिलंही. स्वतःचा हात बघितला नाही.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. राजेश्वरलाही नाही. सगळ्यांना मी सांगितलं की मी परसात होतो आणि ती अचानक पडली. तसं नव्हतं.

त्या दिवशी तिनं कळशी घासली, धुतली आणि दोन्ही हातांत धरून चुलीजवळच बसून राहिली. मला म्हणाली, "आज पाण्याचं राहू द्या. छातीत कसंतरीच व्हायलंय. बसा जरा माझ्याजवळ."

मी म्हणालो, "इतक्या वर्षांत चुकला न्हाई, आज चुकवतीस का? दे इकडं, मी नेतो. तू पड जरा."

ती म्हणाली, "नगा जाऊ हो." आणि कळशी सोडेना. मी ओढून घेतली. पोटाला धरून, जोरानं. तीच ही बोटं. कळशी गळ्याला धरून नेल्याचं आठवत होतं, तिच्या गळ्यावरचे डाग माझेच आहेत हे माहीत होतं. ओढतानाचं मनातून काढून टाकलं होतं.

महादेवाला पाणी घातलं. देवळाबाहेर गावातला सटवाजी भेटला. त्यांच्या रानातल्या आखाड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल गळत होतं, ते मला विचारत होता. निवृत्त झाल्यापासून मला असं कुणी विचारत नाही. मी अर्धा तास उभा राहून सांगितलं. घरी आलो तर ती उंबऱ्यात पडलेली होती. बाहेरच्या बाजूला तोंड करून. मी रिकामी कळशी तिवईवर ठेवली आणि तिच्याजवळ गेलो. आधी कळशी ठेवली, मग गेलो. हेही लिहायला हवं.

डॉक्टर म्हणाले की लगेच आणलं असतं तरी वाचली असती का, सांगता आलं नसतं. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात.

तिच्या बाजूला कळशीवर काही उमटलेलं नाही. बॅटरीनं सगळीकडून बघितलं.

बाटली तशीच आहे. दिवाळीला येऊ नकोस असं नाही, पण मला आता बोलता येणार नाही.

मामा


हैदराबाद
२८ ऑक्टोबर २०२५

ती. मामांस,
सा. नमस्कार.

दिवाळीला मी सेलूपर्यंत आले आणि वालूरला आले नाही. तुम्ही लिहिलंत म्हणूनही, आणि मला तोंड दाखवता येईना म्हणूनही. मला फोटोतच दिसलं होतं. शाळेत असताना तुम्ही त्याच हातानं माझ्या वहीवर रेघा आखून द्यायचात, ते बोट मी ओळखणार नाही का? एक शंका आहे असं खोटं लिहिलं. वाटलं, दिवाळीपर्यंत काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही.

तुमचं काही चुकलं नाही, असं मी लिहिणार नाही. तुम्हांला ते पटणार नाही, आणि मी तिथे नव्हते. मामींनी थांबा म्हटलं आणि तुम्ही गेलात. तुम्ही त्यांचंच काम करायला गेलात, हेही खरं आहे. दोन्ही एकत्र कसं धरायचं, ते मला येत नाही.

दादाला मात्र सांगा. माझ्याकडे एकटीकडे हे ठेवू नका, मामा. मला ते पेलत नाही.

अजून एक सुचलं ते लिहिते, उपयोग नसला तर सोडून द्या. तुम्ही मामींचं काही उरलंय का ते कळशीवर शोधत होता. काल प्रयोगशाळेत बसल्या बसल्या हिशेब केला. चिंचेतलं आम्ल काळा थर विरघळवतं, राख खालचं थोडं तांबं खरवडते. प्रत्येक वेळी किंचित तांबं पाण्याबरोबर जातं. मी बनवते तसे थर मामी एका घासण्यात शेकड्यानं काढत असतील. दर सोमवारी, तेहतीस वर्षं. एवढं तांबं तराजूवर दिसायला हवं. तुमच्याकडे लग्नाची यादी असेल. तेव्हा यादीत भांड्यांची वजनं लिहायचे. यादीत आकडा असेल तर कळशी वजन करून बघा.

माझ्या वीस पट्ट्यांपैकी सात उरल्या. सर म्हणाले, सातच का टिकल्या ते लिही. तेच लिहिते आहे.

तुमची,
त्रिवेणी


वालूर
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. त्रिवेणीस,
अनेक आशीर्वाद.

पुण्यस्मरण झालं. तुला सुट्टी मिळाली नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं.

यादी पेटीत सापडली. तुझ्या मामीच्या वडिलांच्या अक्षरात आहे. "तांब्याची कळशी एक, वजन दोन किलो दोनशे." बाजारात भुसाराच्या दुकानात नेऊन वजन केली. काटा इलेक्ट्रॉनिक आहे. दोन किलो बेचाळीस ग्रॅम. दुकानदार म्हणाला, "मोडीत घालायची का?" मी नाही म्हणालो. परत एकदा ठेवायला लावली. तेवढंच.

एकशे अठ्ठावन्न ग्रॅम. मी वहीत लिहून ठेवलं. बुडाजवळ तिचं नाव कोरलेलं होतं, ते आता वाचता येत नाही. बोट फिरवलं तर थोडं लागतं.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी मी कळशी घासली. चिंच, राख, थोडं मीठ. एवढ्या वर्षांत घरातलं एकही भांडं घासलेलं नाही. खांदा दुखून आला. पोटावरची बोटं पहिल्या फेरीत गेली नाहीत, खाली तांबं खाल्लेलं होतं. चार वेळा घासावं लागलं. चौथ्या वेळी गेली. मी बसून राहिलो. मग धुतली.

गीता संध्याकाळी आली. माझ्याशी बोलत नव्हती. देवघरात गेली आणि कळशी फिरवून फिरवून बघितली. "कुणी घासली रे ही? काठाखाली सगळं तसंच हाय." मी म्हणालो, मी. "तरीच," म्हणाली, आणि पदर खोचून काठ घासायला बसली. मी अडवलं नाही. तिथंच तिच्यासमोर बसून त्या सकाळचं सांगितलं. राजेश्वर दारात उभा होता. त्यालाही ऐकू गेलं. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर परत सांगता आलं नसतं.

गीता रडली. घासायची थांबली नाही. रडत रडत म्हणाली, "कळशी ओढून घ्यायची काय सवयच हाय का रे तुला? मलाबी तसंच केलंस."

राजेश्वरनं विचारलं, "अप्पा, सटवाजीपाशी किती वेळ होतात?" मी म्हणालो, अर्धा तास. तो बाहेर गेला. रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पंगत झाली, स्वामी आले, रानात तिच्या समाधीवर बेल वाहिला, सगळं त्यानं केलं, पण माझ्याकडे बघून बोलला नाही. रविवारी सकाळी बस होती. पिशवी घेऊन निघाला, फाटकापाशी गेला आणि परत आला. म्हणाला, "उद्या पाणी कोण नेणार हाय?"

मी म्हणालो, "मी नेतो."

"चुकवू नका," म्हणाला, आणि गेला. माफ केलं असं नाही. पण विचारलं.

सोमवारी भरून नेली. वर्षानंतर देवळाची पायरी चढलो. बाहेर सटवाजी होताच. "कल्याणराव, लय दिवसांनी!" म्हणाला आणि तो ट्रान्सफॉर्मर बदलल्याचं सांगायला लागला. मी म्हणालो, पुढच्या वेळी सांग, आणि सरळ घरी आलो. घरी कुणी नव्हतं. तरी सरळ आलो.

बाटली किशनरावाकडे परत देतो आहे. चमचाभरच वापरली. तिसऱ्या नंबरची पट्टीही पाठवतो. एवढ्या पावसात न्हाणीत टांगून तिच्यावरची बोटं जशीच्या तशी आहेत. तुझ्या सातांत ही आठवी धरता आली तर बघ. सरांना हात कुणाचा ते सांगायची गरज नाही.

कळशी मी मागच्या सोमवारी ओल्या हातानं धरून आणली होती. आज उजेडात बघितली. पोटावर पुसट बोटं यायला लागली आहेत. मधलं अर्धं.

उद्या सोमवार. चिंच भिजत घातली आहे.

तुझा,
कल्याणमामा